जातीवर कोण गेलं?
राजकीय मतभेद, जातीयतेचा आरोप आणि नकळत पूर्वग्रह: सातारा-सांगलीच्या दोन शतकांचा आढावा

निवडणुकीच्या दिवसांत साताऱ्यात किंवा सांगलीत चहाच्या टपरीवर थोडा वेळ उभं राहिलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘शेवटी जातीवर गेलाच.’ ते कुणाविषयीही बोललं जातं. दुसऱ्या उमेदवाराला मत देणाऱ्या शेजाऱ्याविषयी, ऊसदराच्या आंदोलनापासून लांब राहिलेल्या पुढाऱ्याविषयी, आरक्षणावर वेगळं मत मांडणाऱ्या जुन्या मित्राविषयी. एकदा ते उच्चारलं की ऊसदर, पाणी, शाळा, रस्ता सगळं बाजूला पडतं. ज्याच्यावर ते फेकलं जातं, तो एक तर उसळतो किंवा गप्प बसतो. उलट बाजूलाही तसंच एक वाक्य तयार असतं: ‘प्रत्येक गोष्टीत जात कशाला काढतोस?’ ज्याला खरोखर डावललं गेलं आहे, त्याचं तोंड या दुसऱ्या वाक्याने बंद होतं.

या दोन वाक्यांच्या मधोमध आपलं सार्वजनिक बोलणं अडकून पडलं आहे. राजकीय वादात जातीयतेचा आरोप कधी खरा असतो, कधी हत्यार म्हणून वापरला जातो, आणि ज्याला स्वतःलाही पत्ता नाही अशा माणसाच्या मनातल्या पूर्वग्रहाचं काय करायचं, हा प्रश्न जगभर विचारला जातो. अमेरिकेत तो वर्णाच्या भाषेत विचारला जातो, आपल्याकडे जातीच्या. सातारा आणि सांगली हा १९४९ पर्यंत बराचसा एकच जिल्हा होता. त्या साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. या मुलखात गेली दोनशे वर्षं हा वाद नोंदींसह सापडतो, म्हणून त्याचा आढावा इथूनच घ्यावासा वाटतो.

वंश आणि जात

जातीला वंशवादाच्या पंक्तीत बसवावं का, हा वाद या मातीला नवा नाही. महात्मा फुल्यांचं मूळ गाव साताऱ्यातलं कटगुण, सावित्रीबाईंचं नायगाव. फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना. शूद्रातिशूद्रांचं दुःख आणि निग्रो गुलामांचं दुःख त्यांना एकमेकांशेजारी ठेवावंसं वाटलं. डॉ. आंबेडकरांनी मात्र १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलन’ लिहिताना जात ही वंशाची विभागणी आहे हे मत नाकारलं. पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार एकाच वंशाचे आहेत, हा त्यांचा दाखला प्रसिद्ध आहे.

हाच वाद २००१ मध्ये डर्बनला भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या वंशवादविरोधी परिषदेच्या वेळी पुन्हा पेटला. जातीचा विषय तिथे येऊ नये अशी भारत सरकारची भूमिका होती. समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेतेय यांनीही जातीला वंश म्हणणं शास्त्राला धरून नाही, असं मांडलं. दुसऱ्या बाजूने ठामपणे लिहिणाऱ्यांत गेल ऑम्व्हेट होत्या. जन्माने अमेरिकन असलेल्या गेलताई सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या झाल्या आणि २०२१ मध्ये तिथेच त्यांनी शेवटचा श्वास घेतला. जात आणि वंश एक नसतील, पण जन्मावरून माणसाची किंमत ठरवण्याची रीत दोन्हीकडे तीच आहे आणि जगाने तिची दखल घ्यायला हवी, असा त्यांचा आग्रह होता.

मला दोन्ही बाजूंतलं थोडं थोडं पटतं. जात कातडीवर दिसत नाही, म्हणून ती शोधावी लागते. ‘गाव कुठलं?’, ‘आडनाव काय?’, ‘पाहुणे कुठले?’ हे आपल्याकडचे साधे, आपुलकीचे प्रश्न आहेत. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा काही वाईट नसतं. पण उत्तर ऐकल्यावर आवाजाचा सूर, खुर्चीची जागा आणि ‘अहो’चं ‘अरे’ कधी बदलतं, हे ज्याच्या बाबतीत बदलतं त्यालाच नेमकं कळतं. नकळत पूर्वग्रह आपल्याकडे या वाटेने चालतो.

राजवाड्यातला वाद

पहिलं मोठं प्रकरण साताऱ्याच्या गादीचं. १८१८ नंतर इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. भोसले क्षत्रिय आहेत का, त्यांचे संस्कार वेदोक्त म्हणजे वेदमंत्रांनी व्हावेत की पुराणोक्त म्हणजे पुराणांतल्या मंत्रांनी, हा प्रश्न त्यांच्या काळात पेटला आणि १८३० मध्ये साताऱ्यात त्यावर शास्त्रार्थ झाला. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या वेदोक्ताचा वादही त्यात मिसळलेला होता. प्रतापसिंहांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या मंडळींत बाळाजीपंत नातू आणि सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन ही ठळक नावं. म्हणजे आज ज्या दोन जिल्ह्यांविषयी बोलतो आहोत, त्यांच्या दोन राजधान्या तेव्हा या एका प्रश्नावर आमनेसामने होत्या.

१८३९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला धाडलं. १८४७ मध्ये ते तिथेच वारले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तिथे कित्येक वर्षं झुंजत राहिले. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी या प्रकरणावर पुस्तक लिहून त्यातलं जातीय कारस्थान चव्हाट्यावर आणलं. दुसरीकडे, जहागीरदारांवर हुकमत कोणाची यावरून प्रतापसिंह आणि मुंबई सरकार यांच्यात जुंपलेली होती आणि कंपनीला संस्थानं गिळायची होतीच, हेही तितकंच खरं.

आरोपांचा विचार करताना हे प्रकरण मला पहिला धडा देतं. पटवर्धनांचा विरोध जातीच्या अभिमानातून होता की जहागिरीच्या हितातून? माझ्या समजुतीप्रमाणे दोन्ही धागे एकाच दोरीत वळलेले होते. राजकारणात हेतू एकटा येत नाही. म्हणून ‘हे सगळं जातीपोटी’ म्हणणारा आणि ‘यात जातीचा काही संबंध नाही’ म्हणणारा, दोघेही अर्ध्या वाटेवर थांबलेले असतात. मात्र एक गोष्ट कागदावर स्वच्छ होती: एका माणसाला कोणते मंत्र म्हणता येतील, हे त्याच्या जन्मावरून ठरत होतं. हेतूंवर वाद घालता येईल, नियमावर घालता येत नाही.

तेली, तांबोळी आणि कायदेमंडळ

दुसरा टप्पा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकाचा. कोल्हापुरात वेदोक्त प्रकरण होऊन गेलं होतं, २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला होता, आणि सातारा जिल्हा सत्यशोधक जलशांनी गाजत होता. १९१७ मध्ये लोकमान्य टिळकांनी मिरजेच्या शेजारच्या अथणीला भाषण केलं. जातवार प्रतिनिधित्वाच्या मागणीची त्यात खिल्ली उडवलेली होती. तेली, तांबोळी, कुणबी कायदेमंडळात जाऊन काय करणार, असा त्याचा आशय ब्राह्मणेतरांच्या मनावर कायमचा कोरला गेला. टिळकांच्या अनुयायांना ती कामकाजाच्या पात्रतेची चर्चा वाटली. ऐकणाऱ्यांना ती जन्माची चेष्टा वाटली.

याच टिळकांना त्यांचे वरच्या वर्गातले विरोधक ‘तेल्या-तांबोळ्यांचे पुढारी’ म्हणून हिणवत आणि त्यांच्या चाहत्यांनी तीच पदवी अभिमानाने मिरवली. ज्या माणसाने सामान्यांना राजकारणात आणलं, त्याच माणसाला त्या सामान्यांनी थेट कायदेमंडळात बसण्याची कल्पना सहज पचली नाही. यात ढोंग शोधण्याची गरज नाही. माणूस एकाच वेळी मोठा आणि आपल्या घडणीने आंधळा असू शकतो, याचं हे उदाहरण आहे. नकळत पूर्वग्रह म्हणतात तो असाच असतो: बोलणाऱ्याला आपण साधी व्यवहाराची गोष्ट सांगतो आहोत असं वाटतं आणि ऐकणाऱ्याला आपली पिढ्यान्‌पिढ्यांची जागा पुन्हा दाखवून दिल्यासारखं वाटतं.

या वादातून साताऱ्यात जे उत्तर निघालं, ते भाषणाचं नव्हतं. कुंभोजला जन्मलेले, ऐतवडे बुद्रुकच्या जैन कुटुंबातले भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात शिकत होते. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला हजर राहिल्याबद्दल शुद्धीची अंघोळ कर, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला आणि वसतिगृह सोडलं. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीला जेवत. १९२७ मध्ये गांधीजी तिथे आले, तेव्हा त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव देण्यात आलं. भाऊराव कुणाच्या मनातली जात मोजत बसले नाहीत. त्यांनी चूल एक केली.

१९४८: आरोप जेव्हा जातीवर बसतो

तिसरं प्रकरण लिहिताना हात जड होतो. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून झाला. खुनी चित्पावन ब्राह्मण होता. पुढच्या काही दिवसांत सातारा जिल्ह्यात, तेव्हा अजून विलीन न झालेल्या सांगली-मिरज संस्थानांत आणि कोल्हापुरात ब्राह्मणांची घरं, वाडे, दुकानं, छापखाने, कारखाने पेटवले गेले. मॉरीन पॅटरसन यांनी या काळावर संशोधन केलं. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘वावटळ’ या कादंबरीचा विषय तोच आहे, आणि माडगूळकर स्वतः याच भागातल्या माडगूळचे.

त्या आगीला कारणं अनेक होती. ब्राह्मण सावकार आणि जमीनदारांविषयीचा जुना राग होता, ब्राह्मणेतर चळवळीचा वारसा होता, ४२ च्या चळवळीतून आलेलं संघटनेचं बळ होतं, आणि लुटीची हावही होती. एरवी ज्या तक्रारी न्याय्य होत्या, त्यांचा कायदेशीर निपटारा पुढे कुळकायद्याने केला. पण त्या आठवड्यात एका माणसाच्या गुन्ह्याचा आरोप एका अख्ख्या जातीच्या दारावर चिकटवला गेला. ज्यांनी गांधींवर प्रेम केलं, ज्यांच्या घरातली माणसं तुरुंगात जाऊन आली, अशांचीही घरं त्यात गेली. अनेक कुटुंबं पुण्या-मुंबईला निघून गेली आणि परतली नाहीत. अनेक घरांच्या आठवणींत आसरा देणारे शेजारीही आहेत, हे या काळोखातलं समाधान.

वर्चस्व गाजवलेल्या जातीवर टीका करणं आणि त्या जातीत जन्मलेल्या माणसाला गुन्हेगार ठरवणं, यांतली रेघ इथे पुसली गेली. जातीयतेच्या आरोपाचा सगळ्यांत मोठा धोका तो हाच. अन्यायाचं नाव घेताना माणसाचं आडनाव घेतलं, की आपणही त्याच रोगाचे वाहक होतो. हे मी ब्राह्मणांच्या बचावासाठी लिहीत नाही. हाच नियम दलितांच्या, मराठ्यांच्या, धनगरांच्या, मुसलमानांच्या बाबतीत लागू पडतो, आणि इतिहासात हा घाव सगळ्यांत जास्त वेळा आणि सगळ्यांत खोल कुणाला बसला, हे आपण विसरता कामा नये.

मसूरचं स्टेशन

तो घाव कसा असतो, हे साताऱ्यातल्याच एका मुलाने लिहून ठेवलं आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत डॉ. आंबेडकर १९०१ सालचा एक प्रवास सांगतात. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. मुलं साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरली. नीटनेटके कपडे घातलेली ही मुलं पाहून स्टेशनमास्तरांनी प्रेमाने चौकशी केली. आपण महार आहोत, असं नऊ-दहा वर्षांच्या भीमाने सांगताच मास्तरांचा चेहरा बदलला आणि ते आपल्या खोलीत निघून गेले. दुप्पट भाडं देऊ केलं तरी बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी एक जण तयार झाला तो या अटीवर, की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. रात्री नाक्यावर पाणी मागितलं, ते मिळालं नाही.

या प्रसंगात मला स्टेशनमास्तर सतत आठवतात. ते दुष्ट नव्हते, नाहीतर त्यांनी आधी विचारपूसच केली नसती. एका शब्दाने त्यांची माणुसकी आटली आणि थोड्या वेळाने तेच परत येऊन ‘आता काय करणार?’ असं विचारून गेले. त्यांना ‘तुम्ही जातीय आहात’ म्हटलं असतं, तर ते मनापासून दुखावले असते. ते मनाने कसे होते याने त्या रात्री काही फरक पडला नाही. पोरांना पाणी मिळालं नाही, एवढंच उरलं.

कराडचा गोपनीय अहवाल

आता अगदी आपल्या काळात येऊ. जातीयतेच्या आरोपावर देशभर जो सगळ्यांत मोठा कायदेशीर वाद झाला, त्याचं मूळ कराडात आहे. कराडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातल्या अनुसूचित जातीच्या एका भांडारपालाच्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी त्याची सचोटी आणि चारित्र्य चांगलं नसल्याचा शेरा मारला. त्याने २००६ मध्ये कराड पोलिसांत अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार दिली. अधिकाऱ्यांवर खटला भरायला परवानगी मागितली गेली, ती २०११ मध्ये तंत्रशिक्षण संचालकांनी नाकारली. ती नाकारण्याचा अधिकार संचालकांना नव्हताच, असं म्हणत तक्रारदाराने २०१६ मध्ये त्यांच्याविरुद्धही गुन्हा नोंदवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

२० मार्च २०१८ रोजी न्या. गोयल आणि न्या. लळित यांच्या खंडपीठाने ‘सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात निकाल दिला. संचालकांविरुद्धची कारवाई रद्द झालीच, शिवाय या कायद्याचा गैरवापर होतो असं सांगून अटकेपूर्वी परवानगी आणि गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी अशी बंधनं घातली गेली. २ एप्रिलला भारत बंद झाला, त्यात काही ठिकाणी माणसं दगावली. ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८ अ आणून ती बंधनं काढून टाकली. १ ऑक्टोबर २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने पुनर्विलोकनात ते निर्देश मागे घेतले, आणि २०२० मध्ये नवं कलमही वैध ठरलं.

पुनर्विलोकनाच्या निकालातला एक मुद्दा मला निर्णायक वाटतो. खोटी तक्रार हा माणसाचा दोष असू शकतो, जातीचा नव्हे. अमुक समाजाची माणसं कायद्याचा गैरवापर करतात असं गृहीत धरणं, हाच एक पूर्वग्रह आहे. आरोपी सुटले म्हणजे आरोप खोटा होता, असंही नाही. तपास ढिला असतो, साक्षीदार फिरतात, गावात राहायचं असतं. त्याच वेळी, गोपनीय अहवालातला प्रत्येक प्रतिकूल शेरा म्हणजे अत्याचार, असंही म्हणता येणार नाही. मग कराडच्या त्या शेऱ्याविषयी विचारायचे खरे प्रश्न कोणते होते? शेऱ्याला आधार कोणता होता? त्याच वर्षी इतर जातींच्या कर्मचाऱ्यांना कोणत्या कसोटीवर शेरे मिळाले? परवानगी नाकारण्याचा अधिकार नेमका कुणाचा होता? या प्रश्नांची उत्तरं फायलींत मिळतात, मनात डोकवावं लागत नाही. पण फाईल उघडण्याआधीच राज्य दोन तटांत उभं राहिलं. कोपर्डीतल्या मुलीवरच्या अत्याचाराच्या आणि खुनाच्या भीषण घटनेनंतर २०१६ मध्ये निघालेल्या मराठा क्रांती मोर्चांत या कायद्याच्या दुरुस्तीची मागणी होतीच. सांगली आणि साताऱ्याच्या रस्त्यांवर तेव्हा लाखोंचा शिस्तबद्ध, मूक समुदाय उतरला होता. त्या मोर्चातल्या तरुणाला आपल्या शेतीचं आणि शिक्षणाचं दुःख सांगायचं होतं. समोरच्या वस्तीतल्या तरुणाला मात्र त्यात आपलं एकमेव कवच काढून घेण्याची मागणी ऐकू आली. दोघंही खोटं बोलत नव्हते.

नकळत म्हणजे किती नकळत?

मानसशास्त्राने या प्रश्नाला गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एक शास्त्रीय भाषा दिली. १९९८ मध्ये अँथनी ग्रीनवाल्ड, सिकंदराबादला वाढलेल्या महजरीन बानाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी मांडली. चेहरे आणि शब्द यांची जोडी लावायला लागणाऱ्या वेळेवरून मनातले सुप्त कल टिपायचे, असं तिचं तंत्र. पुढे कंपन्यांनी आणि विद्यापीठांनी त्यावर प्रशिक्षणं उभी केली. नंतरच्या संशोधनाने तिच्या मर्यादाही दाखवल्या. एकाच माणसाचे गुण दोन वेळा वेगळे येतात, त्या गुणांवरून त्याचं वागणं नीट सांगता येत नाही, आणि चाचणीतले कल बदलले म्हणून वागणूक बदलतेच असं नाही. म्हणून एखाद्या माणसाकडे बोट दाखवून ‘तुझ्या मनात सुप्त पूर्वग्रह आहे’ असं सांगायला या शास्त्राचा आधार घेता येत नाही.

वागणूक मोजता येते, आणि ती मोजल्यावर चित्र स्वच्छ दिसतं. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगळी. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढे बोलावलं जाण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश होती, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. त्या कचेऱ्यांतल्या एकेका अधिकाऱ्याला विचारलं असतं, तर प्रत्येकाने ‘मी फक्त गुणवत्ता पाहतो’ असंच सांगितलं असतं आणि ते त्याला खरंही वाटलं असतं. उत्तर प्रदेशातल्या खेड्यात कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जात जाहीर न करता दलित मुलं इतरांइतकीच चांगली होती. सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचून दाखवल्यावर त्यांचे गुण घसरले.

याचा अर्थ मला असा लागतो. पूर्वग्रह खरा आहे आणि तो मोजता येतो, पण तो एका माणसाच्या छातीत सापडत नाही, शंभर निर्णयांच्या नोंदवहीत सापडतो.

मराठी राज्य आणि नंतर

महाराष्ट्र राज्य होताना ग. त्र्यं. माडखोलकरांनी यशवंतराव चव्हाणांना उघड विचारलं होतं: हे राज्य मराठी की मराठा? देवराष्ट्रेत जन्मलेल्या, कराडात घडलेल्या यशवंतरावांनी हा जातीयतेचा आरोप म्हणून झटकून टाकला नाही. राज्य मराठी जनतेचं असेल असं उत्तर त्यांनी दिलं, आणि नवबौद्धांना सवलती, आर्थिकदृष्ट्या मागासांना फीमाफी अशा निर्णयांनी ते काही प्रमाणात तरी खरं करून दाखवण्याचा प्रयत्न केला. ते उत्तर पुरेसं ठरलं का, यावर वाद आहे. सत्तेची बहुतेक पदं पुढे एकाच समाजाच्या मोजक्या घराण्यांत राहिली. पण प्रश्न विचारण्याची आणि उत्तर देण्याची ती रीत आज आठवावीशी वाटते.

कारण पुढचं बोलणं वेगळ्या वळणाने गेलं. २०१६ मध्ये देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री असताना कोल्हापूरच्या छत्रपती घराण्यातले संभाजीराजे राज्यसभेवर नियुक्त झाले, तेव्हा पूर्वी छत्रपती फडणवीस नेमायचे, आता फडणवीस छत्रपतींना नेमतात, अशा आशयाचं शरद पवारांचं विधान गाजलं. २०२१ मध्ये राज ठाकरे यांनी राष्ट्रवादी काँग्रेसच्या स्थापनेनंतर महाराष्ट्रात जातीद्वेष वाढल्याचा आरोप केला, आणि पवारांनी त्यांना प्रबोधनकार वाचण्याचा सल्ला दिला. २०२३ पासून मराठा-ओबीसी आरक्षणाचा वाद सुरू झाल्यावर ‘जातीयवादी’ हा शब्द दोन्ही मंचांवरून रोज उडू लागला. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठ्यांच्या कुणबी नोंदींसाठी हैदराबाद गॅझेटिअरचा आधार घेणारा शासन निर्णय निघाला आणि सातारा गॅझेटिअरचीही चर्चा सुरू झाली, तेव्हा १८८५ सालचा एक जाडजूड ग्रंथ अचानक गावोगावच्या पारावर पोचला. कुणबी म्हणजे कोण, नोंद कशी झाली, आरक्षणाच्या जागा किती आणि वाटेकरी किती, हे खरे प्रश्न. त्यांवर दोन प्रामाणिक माणसांचं मत वेगळं असू शकतं. वेगळ्या मतालाच जातीयता म्हटलं, की त्या ग्रंथाचं पानही उलटायची गरज उरत नाही.

याच मुलखात उलट दाखलाही आहे. शेतकरी नेते राजू शेट्टी संख्येने छोट्या अशा जैन समाजातले. इस्लामपूर आणि शिराळा ज्यात येतात त्या हातकणंगले मतदारसंघातून २००९ आणि २०१४ मध्ये ते लोकसभेवर गेले. जातीच्या बेरजेवर हे होणं अवघड होतं. ऊसदर हा प्रश्न सगळ्यांच्या घरात शिरला, म्हणून झालं. लोक नेहमीच जातीवर जात नाहीत. त्यांच्यासमोर खरा प्रश्न ठेवला, तर ते त्याच्यावर येतात.

आरोपाचं काय करावं

इतकं पाहिल्यावर माझं मत असं बनलं आहे. राजकीय वादात जातीयतेचा आरोप करण्याचा अधिकार सगळ्यांना असावा, आणि तो आरोप कृतीवर असावा. ‘तू जातीयवादी आहेस’ या वाक्याला उत्तर नसतं. ‘या समितीत अकरा जण आहेत, त्यांत वस्तीतलं कुणीच का नाही?’ याला उत्तर द्यावं लागतं. ग्रामपंचायतीचा निधी कोणत्या गल्लीत गेला, स्मशानभूमीचा रस्ता कुणाचा झाला आणि कुणाचा राहिला, कारखान्याच्या नोकरभरतीत कुणाची आडनावं आहेत, दूधसंस्थेचं सभासदत्व कुणाला मिळालं: हे मोजता येतं, तपासता येतं आणि दुरुस्तही करता येतं.

ज्याच्यावर आरोप होतो, त्याने आधी आपलं मन किती स्वच्छ आहे हे सांगू नये. ते कुणी विचारलेलं नसतं. त्याने नोंदवही उघडावी. आणि जो कायम वरच्या बाजूला राहिला आहे, त्याच्यावर ही जबाबदारी जास्त आहे, कारण ज्याच्या पायाला काटा लागत नाही, त्याला वाटेतले काटे दिसत नाहीत. आरोप करणाऱ्यानेही माणसाच्या कृतीचा दोष त्याच्या जातीच्या माथी मारू नये, आणि मतभेदाला द्वेष म्हणण्याची घाई करू नये. १९४८ ने त्याची किंमत दाखवली आहे.

साताऱ्यात राजवाड्याच्या परिसरात प्रतापसिंह हायस्कूल आहे. ज्या छत्रपतींच्या मंत्रांवर शास्त्रार्थ झाला, त्यांचं नाव त्या शाळेला आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकासमोर ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद झाली. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. नियमाने दार उघडलं होतं. वर्गात मात्र त्या मुलाला घरून आणलेल्या तरटाच्या तुकड्यावर वेगळं बसावं लागे आणि तहान लागली तर शिपायाची वाट पाहावी लागे. शिपाई नसला, तर पाणी नाही. त्या वर्गातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं असतं, तर ‘माझ्या मनात काही नाही’ असंच त्याने सांगितलं असतं, असं मला वाटतं.

म्हणून मनाचा प्रश्न मला दुय्यम वाटतो. आपल्या गावात, कचेरीत, पक्षात, संस्थेत आज पाण्याचा नळ कुणाच्या हातात आहे आणि कुणाला शिपायाची वाट पाहावी लागते, हे विचारत राहावं, नाव घेऊन, आकडा मांडून. भाऊरावांनी चूल एक केली, तेव्हा त्यांनी हाच प्रश्न ताटावर आणला होता.